आईला चावणारा नळ

अकोल्याच्या आमच्या घरातला नळाचा लोखंडी पाइप मी दिवाळीआधी बदलून घेतला. आतून गंजून तो इतका चोंदला होता की एक बादली भरेपर्यंत सगळा पेपर वाचून व्हायचा. अंगणात खणताना प्लंबरने मला हाक मारली. जुन्या पाइपाला तांब्याची तार गुंडाळलेली होती.

"सर, हे तार कायची हाये?"

मला शाळेची घाई होती. "असेल काहीतरी जुनी. काढून टाक," मी म्हणालो. अंगणापासून मोरीपर्यंत प्लास्टिकचा पाइप पडला. भिंत फोडायला नको म्हणून मोरीतला लोखंडी तुकडा, त्यावरचा नळ आणि गिझर तसेच ठेवले. मी दहावीला विज्ञान शिकवतो. आर्थिंग कशासाठी असते, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावतो. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे माझी कीव करायचे कोणाच्या मनात येणार नाही.

थंडी पडली, गिझर सुरू झाला आणि आठवड्याभरात आई म्हणाली, "नळ चावते मले."

आम्ही हसलो. बायको म्हणाली, नळाला कुलूप लावू या. मी मात्र शहाण्यासारखा मोरीत जाऊन नळाला हात लावला, पुन्हा लावला, मूठ आवळून धरला. काही नाही. माझ्या पायात रबरी चप्पल होती. आमच्या घरात मोरीत सगळेच चप्पल घालतात, फरशी बर्फासारखी गार असते. फक्त आई घालत नाही. तिच्या अंघोळीची बादली बायको काढून देते; पण अंघोळीनंतर देवाचा तांब्या ती स्वतःच भरते, ओलेत्याने, अनवाणी, सोवळ्यात. त्या वेळी तिच्या जवळपास फिरकायची कोणाला सोय नाही.

"काही नाही आई, शुगरमुळे मुंग्या येतात," मी निकाल दिला.

"मुंग्या येगळ्या, चावनं येगळं. मले समजते ना!"

तिला समजते हे मला पटत नव्हते. मी रजा टाकली आणि तिला एसटीने अमरावतीला नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. मूर्तिजापूरपर्यंत ती बोलत होती, नळच चावते, बाकी कुठं काही होत नाही. डॉक्टरांनी तिला काय होते म्हणून विचारले, तिने तोंड उघडले, आणि उत्तर मी दिले. हातापायांना मुंग्या येतात, म्हणालो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा काय दोष? त्यांना जे सांगितले त्यावर त्यांनी औषध दिले. त्या गोळ्यांनी आई दिवसभर पेंगायला लागली.

मधेच तिने स्वतःपुरता उपाय काढला. जेवायचा लाकडी पाट ती मोरीत न्यायची आणि त्यावर उभी राहून तांब्या भरायची. पाट भिजून फुगायला लागला म्हणून मी रागावलो आणि तो माळ्यावर टाकला. तिला जे सुचले ते विज्ञानच होते, आणि ते मी तिच्या पायाखालून काढून घेतले.

पौषात वडिलांचे श्राद्ध आले. त्या दिवशी सोवळ्याचे पाणी मलाच भरायचे होते. अंघोळ करून, ओले धोतर नेसून, अनवाणी पायांनी मी नळाला हात लावला. हात खांद्यापर्यंत कोणीतरी पिळून काढला असे झाले आणि मी मागच्या भिंतीवर जाऊन आदळलो. तांब्या घरंगळत दारापर्यंत गेला. दारात आई उभी होती.

"लागलं का रे?" तिने विचारले.

इलेक्ट्रिशियनने नळाला टेस्टर लावला, तो पेटला. गिझरमधून विजेची गळती होत होती. "सर, घराची आर्थिंग जुन्या पायपाले बांधेल होती. मधात प्लास्टिक टाकलं, तार काढली, आता करंट जमिनीत जाईन कसा? आंगातून जाते मंग." त्याने गिझर बदलला, अंगणात खड्डा करून नवी आर्थिंग केली, आणि मोरीतला लोखंडी तुकडा जाड तारेने तिला जोडला. काम संध्याकाळपर्यंत चालले. मी त्याच्या बाजूला उभा होतो आणि हिशेब करत होतो की एखाद्या सकाळी आईचा हात सुटला नसता तर. आम्ही तर तिला सोवळ्यात शिवायलाही गेलो नसतो.

तो गेल्यावर मी आईजवळ बसलो. माफी मागायची होती, पण तोंडातून आली ती तक्रारच. "आई, ओरडून का नाही सांगितलंस? भांडायचं होतंस माझ्याशी."

ती वाती वळत होती. "सांगतलं ना. रोज सांगतलं. मंग तू दवाखान्यात नेलं, गोळ्या चालू झाल्या. मले वाटलं, शिकेल पोरगा हाये, मलेच काही झालं असन. मंग रोज नळाले हात लावाच्या आधी मी मनाले सांगो, काही नाही होत, हा भास हाये. आन् लावो."