झाकणावर दोन ठोके

आधीच सांगते, भूत, आत्मा, अंगात येणं असलं मी काही मानत नाही. आमच्या घरात कोणीच मानलं नाही. आम्ही बौद्ध. कोणी आजारी पडलं की दवाखाना, एवढंच आम्हाला माहीत. शेजारच्या बायका लिंबू-मिरची टांगायच्या तेव्हा आई म्हणायची, "मिरची भाजीत टाका बाई, दाराले कायले?" अशा आईची मी मुलगी. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

मी पुण्यात एका काकूंना सांभाळते. त्यांच्याच घरी राहते. माझी शाळा आठवीत सुटली, म्हणून लिहिण्यात चुका होतील. पण रोज दुपारी काकूंना पेपर, मासिकं मीच वाचून दाखवते. तुमच्या मासिकात छापून येणारे असे अनुभवही त्यांना मीच वाचून दाखवले. त्यात मध्येच माझ्या तोंडून निघून गेलं की काकू, असं एक माझ्याही बाबतीत झालंय. तेव्हापासून त्या मागे लागल्यात — लिही, लिही. या बाईंनी मला खूप दिलं आहे. त्यांचं मोडवत नाही.

आमचं गाव महागाव तालुक्यात, पुसदहून एसटीने गेलं की रस्त्यालाच लागतं. घरी आई, माझा मोठा भाऊ मिलिंददादा आणि वैशालीवहिनी. त्यांना मूलबाळ नाही. दादा कापसाच्या जिनिंगवर कामाला होता, पण गावात त्याची ओळख वेगळी. गावात कोणाचं लग्न असो, बारसं असो, विहारातला कार्यक्रम असो — स्वयंपाक दादा आणि त्याचे दोन मित्र करायचे. एक गजूभाऊ, आमच्या शेजारचे, त्यांची कपाशीची शेती. दुसरे तांड्यावरचे उत्तमभाऊ. पैसे घेत नसत. मोठे गंज, म्हणजे पंगतीची पातेली, पराती, झारे सगळं आमच्याच मागच्या खोलीत.

त्यांचा एक नियम होता. भाजीत मीठ फक्त दादा टाकणार. भाजीला खळखळ उकळी आली की तो मीठ टाकायचा, झाकण ठेवायचा आणि पळीने झाकणावर दोन ठोके मारायचा. ठण... ठण. म्हणजे मीठ पडलं, आता कोणी हात लावू नका. मग पळी झाकणावरच आडवी ठेवायची. आणि दुसरं म्हणजे, पहिलं ताट वाढेपर्यंत कोणी चाखायचं नाही.

दादाच्या हातचं मीठ नखभर जास्त असायचं. वाईट लागायचं नाही, पण जास्त. घरी वहिनी रोज बोलायची, "तुमच्या हाताले मीठ लय." तो म्हणायचा, "म्हणून तर लोक मांगून मांगून खातेत."

मागच्या वर्षी जिनिंगचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. दादा गेटजवळ चहा प्यायला बसला तो उठलाच नाही. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले. चाळिशीही झाली नव्हती त्याची. मी ट्रॅव्हल्सने पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्याचा चेहरा मला बघायला मिळाला नाही.

मी मुळात घाबरट. गॅस बंद केला का, हे झोपायच्या आधी चार वेळा उठून बघणारी. त्यानंतर तर घरून फोन आला की उचलायच्या आधीच हात गार पडायचे. आई सांगायची — वैशाली बोलत नाही. कोणी मिलिंदचं नाव काढलं की उठून आत जाते. आणि जेवत नाही. समोर बसते, दोन घास खाते आणि म्हणते, अळणी हाय. मीठ वाढलं तरी अळणीच. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, काही फरक नाही. दादाचे मित्र आधी यायचे, पण वहिनीला त्रास नको म्हणून त्यांनीही येणं सोडलं.

मग वर्ष भरत आलं तेव्हा आईचा फोन आला. "वैशालीचे भाऊ येऊन राह्यले. कार्यक्रम झाला की नेतो म्हणते तिले. कायमची."

"आणि वहिनी काय म्हणाली?"

"हो म्हणे."

आईने फोन ठेवला. मला कळलं होतं. आई एकटी राहणार. म्हणजे मला पुणं सोडून घरी बसावं लागणार, आणि माझ्याच पगारावर घर चालतं. वहिनीला अडवायचा हक्कही नव्हता. इतक्या दुःखात तिला कोणत्या तोंडाने राहा म्हणायचं? पण ती अशीच, न जेवता, न बोलता माहेरी गेली तर तिचं काय होईल याचीच मला जास्त भीती वाटत होती. काकूंना सांगितलं. त्यांनी आपल्या मुलीला राहायला बोलावून घेतलं आणि मला म्हणाल्या, "जा. आणि घाईने परत येऊ नकोस."

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दादाच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी संध्याकाळी अंगणात सगळे लसूण सोलत बसलो होतो. गजूभाऊ, उत्तमभाऊ, आई, मी. वहिनी जरा लांब, ओट्यावर वांगी निवडत होती. कोणीच बोलत नव्हतं. वर्षभर सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती ना... शेवटी आईच म्हणाली, "अरे, माह्या पोराचा कार्यक्रम हाय अन् त्याचंच नाव कोणी घेऊन नाही राह्यलं. बोला काहीतरी."

उत्तमभाऊंनी वहिनीकडे बघितलं. ती उठली नाही. मग ते हळूच म्हणाले, "मुकुटबनचं लग्न आठवते का गज्या?"

"कोणतं, बॅटवालं?"

"हो, तेच. सविता, तुले माहीत नाही. एवढ्या दूर टेम्पोत सारे भांडे नेले अन् पळीच घरी राह्यली. गंजात भाजी जळाले लागली. तुह्या भावानं काय करावं? नवरदेवाच्या भावाची नवी कोरी क्रिकेटची बॅट घेतली, धुतली, अन् ढवळली भाजी."

"अन् ते पोरगं रडे," गजूभाऊ म्हणाले. "मिलिंद त्याले म्हणे, रडू नको, आता या बॅटीले हळद लागली, हे कधी आऊट होत नाही."

आई पदर तोंडाला लावून हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसतही होती.

"तुम्ही दोघांनं एकाच भाजीत मीठ टाकलतं तेही सांगा की," मी म्हटलं. ती गोष्ट मला माहीत होती. दादाचा नियम तिथूनच निघाला होता.

"मी एकदाच टाकलतं," गजूभाऊ म्हणाले. "दुसऱ्यांदा यानं टाकलं."

"पह्यले मी टाकलतं. दुसऱ्यांदा तू."

"वीस वर्षं झाले, अजून कबूल करत नाही हा."

"मिलिंदनं दोघाले तीन दिवस आलूच सोलाले लावले," उत्तमभाऊ म्हणाले. "म्हणे, आजपासून मीठ माह्याच हातचं. तुमच्या हाती फक्त साल."

मी ओट्याकडे बघितलं. वहिनी खाली मान घालून वांगंच फिरवत होती, एकच वांगं, कितीतरी वेळ. पण आत गेली नव्हती.

एक मात्र झालं. उद्या मीठ कोण टाकणार, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. त्याच्या जागेवर तू ये, असं कोणाला म्हणायचं? गजूभाऊंना वाटलं उत्तम टाकेल, उत्तमभाऊंना वाटलं गज्या टाकेल. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

सकाळी मागच्या अंगणात चुलीवर आलू-वांग्याचा मोठा गंज चढला. समोर मांडव, दादाचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. भंतेजी आले. उत्तमभाऊ बुंदी आणायला मोटारसायकलने महागावला गेले होते. वंदना सुरू होणार म्हणून गजूभाऊंनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली, गंजावर झाकण ठेवलं आणि आईला धरून पुढे नेऊन बसवलं. पोळ्या करणाऱ्या बायकाही हात धुऊन मांडवात आल्या. मी आणि वहिनी सगळ्यात मागे बसलो, शेजारी-शेजारी. आमच्या मागे फक्त घर, आणि घराच्या मागे ते अंगण.

पंचशील चालू होतं. सगळे हात जोडून म्हणत होते. आणि मागून आवाज आला.

ठण... ठण.

जोरात नाही. पण स्वच्छ. वहिनीने माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली. मी तिच्याकडे बघितलं, ती समोर बघत होती. मला वाटलं, उत्तमभाऊ आले असतील. पुढे बसलेल्या गजूभाऊंनीही मान जराशी वळवली आणि परत सरळ केली. त्यांनाही तेच वाटलं.

वंदना झाली. भंतेजींचं ताट आधी वाढायचं म्हणून गजूभाऊ, मी आणि वहिनी मागे गेलो. उत्तमभाऊ तेवढ्यात बुंदीचे डबे गाडीवरून उतरवत होते. गंजावर झाकण होतं, झाकणावर पळी आडवी.

"बरं झालं टाइमावर आला," गजूभाऊ म्हणाले. "मीठ बराबर टाकलं ना बे?"

"मी? मी आत्ताच येऊन राह्यलो. तू टाकलं ना? पळी तर आडवी हाय."

"मी मांडवात होतो. आईजवळ."

 दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी कालच मिठाचे पुडे आणले होते. कुठे ठेवले ते मलाच माहीत — कणकेच्या पोत्यामागे, पिशवीत. धावत गेले. पिशवीला मी मारलेली गाठ तशीच होती. सोडली तर सगळे पुडे बंद. एकही फोडलेला नव्हता.

"झालं," गजूभाऊ खाली बसले. "सारं गाव बसलं हाय. त्याच्या कार्यक्रमात अळणी भाजी." मग उठले, माझ्या हातातून एक पुडा घेतला आणि दाताने फोडला.

"थांबा भाऊ," वहिनी म्हणाली.

वर्षभरात तिने त्यांना हाक मारली नव्हती. ते जागच्या जागी थांबले.

"आधी चाखा."

"वहिनी, पह्यलं ताट गेल्याबिगर कसं चाखू? त्याचा नियम हाय."

"मी चाखतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही कधीकधी असं बोलतात. "त्याइच्या हातचं मीठ वर्षंच्या वर्षं खाल्लं मी. मले नाही कळणार तं कोणाले?"

तिने झाकण सरकवलं, पळीच्या टोकाला थोडा रस्सा घेतला, तळहातावर घातला. फुंकर मारली. जिभेला लावला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत उभे.  ती पुन्हा अळणी म्हणाली असती तर काय, कारण तिला तर वर्षभर सगळंच अळणी लागत होतं...

तिने डोळे मिटले. उघडले.

"नखभर जास्त हाय," ती म्हणाली.

आणि हसली. मग तिथेच चुलीजवळ बसून खूप रडली. वर्षभर मी तिला रडताना ऐकलं नव्हतं, आईनेही नाही. गजूभाऊंनी फोडलेला पुडा तसाच हातात धरला होता, त्यातून मीठ त्यांच्या पायावर सांडत होतं, त्यांना कळतच नव्हतं. शेवटी उत्तमभाऊच म्हणाले, "ताट घे बे. भंतेजी वाट पाहून राह्यले."

त्या दिवशी लोकांनी भाजी मागून मागून खाल्ली. वहिनी शेवटच्या पंगतीला माझ्याशेजारी बसली. तिने ताट संपवलं आणि भाजी परत मागितली. वाढताना गजूभाऊंनी अर्धी भाजी ताटाबाहेर सांडली. "सांडू नका, मले लागते," ती म्हणाली.

मग मी सगळ्यांना विचारत फिरले. माझा स्वभावच तसा. प्रत्येक बाईला, प्रत्येक माणसाला. शेजारच्या कोणी घरून आणून टाकलं का? सगळे मांडवात होते, एकमेकांना दिसत होते. घरातली मिठाची बरणी बघितली, होती तशीच भरलेली. आणि एवढ्या मोठ्या गंजाला मूठभर मीठ पुरत नाही, पुडेच लागतात. कोणी गंमत केली म्हणावं, तर इतक्या दिवसांत एखाद्याने तरी सांगितलं असतं. गावात गोष्ट पोटात राहत नाही.

संध्याकाळी वहिनीचे भाऊ म्हणाले, "वैशाली, बॅग भरली का?"

वहिनी गंज घासत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, दिवाळीले येईन मी चार दिवस. राह्याले नाही येत. इथं मीठ टाकाले कोणी नाही."

भाऊ चांगले माणूस. त्यांनी आईकडे बघितलं, आईने त्यांच्याकडे. मग ते चहा पिऊन गेले. मी मागच्या खोलीत जाऊन एकटीच बसले आणि कोणाला ते न कळता 'थँक यू, थँक यू' म्हणत राहिले. 

आता गावातल्या कार्यक्रमाला मीठ वहिनी टाकते. तिचं बरोबर पडतं, नखभरही जास्त नाही. त्यावरून गजूभाऊ कुरकुर करतात, "वहिनी, चव नाही आली मिलिंदसारखी." ती म्हणते, "बीपी वाढवाचं हाय का तुम्हाले?" मला व्हिडिओ कॉल लावते, मोबाईल खांबाला टेकवते आणि झाकणावर दोन ठोके मारते. मी इकडे ऐकते. आईचा फोन आला की आता हात गार पडत नाहीत. म्हणजे पडतात, पण कमी.

काकूंना कमी मीठ सांगितलं आहे. त्यांच्या भाजीत मी चिमूटभर घालते आणि झाकणावर पळीने दोनदा वाजवते. सवय लागली. परवा त्यांनी आतून विचारलं, "कोणाला सांगतेस गं?"

 आत्मा वगैरे मी आजही मानत नाही, आणि त्या सकाळी गंजात मीठ कोणी टाकलं हेही मला माहीत नाही. "कोणाला नाही काकू," म्हटलं आणि गॅस बारीक केला.