फेलिसिदादबाईंचं खळं

आमच्या वाडीला फेलिसिदादबाई आवडत नाहीत. बाईंनाही वाडी आवडत नाही. दोन्ही बाजू हे लपवत नाहीत.

मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाडीच्या अलीकडे आमची वाडी. तिच्या तोंडाशीच पहिली ते चौथीची शाळा आणि समोर माझं घर. चिऱ्याच्या खाणीतलं काम सुटल्यापासून मी बराच वेळ ओटीवर असतो. शाळेत कोण किती राबतं ते तिथून दिसतं.

बाई पन्नाशी उलटलेल्या, अंगाने सुक्या, आवाजाने खरखरीत. मालवणहून स्कूटरने येतात. भेटायला आलेल्या पालकाला बस म्हणत नाहीत, कारण वर्गात खुर्ची एकच आणि तिच्यावर वह्या असतात. पोराचं अक्षर वाईट असेल तर बापासमोर सांगतात. बापाचंही वाईट असेल तर तेही सांगतात.

शाळेपुढच्या अंगणाला आम्ही खळं म्हणतो. पावसात त्यावर गवत माजतं, म्हणून दिवाळीनंतर ते नव्याने करावं लागतं. खणायचं, सपाट करायचं, पाणी मारून लाकडी चोपण्याने चोपायचं आणि वरून शेणाने सारवायचं. पूर्वी घरोघर हे काम होत असे. आता घरांपुढे सिमेंटच्या लाद्या आल्या आणि माणसांच्या कमरा वाचल्या. शाळेपुढे लाद्या नव्हत्या, खळं कोणी करत नव्हतं, वापरत मात्र सगळे. लग्नाचा मांडव तिथे, दशावतार तिथे, जानेवारीत अंडरआर्म क्रिकेटच्या मॅचेस तिथे. खांबांसाठी खड्डे खणायचे आणि तसेच टाकून जायचे. भाषणात याला शाळेला गावाचं सहकार्य म्हणत.

बाई आल्या त्या वर्षी पालकांच्या सभेत त्यांनी घरटी एक माणूस मागितला, एका रविवारसाठी. सगळ्यांनी मान हलवली. रविवारी आली ती एकटी नर्मदा, शेणाची पाटी घेऊन. सत्तरीची बाई, दारात अजून गुरं बाळगून आहे. सोमवारी बाईंनी पोरांना बाहेर काढलं आणि माझ्याकडचं चोपणं मागून नेलं.

तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर तोच वर्ग चालतो. खुंट्या मारून सुतळीने खळ्याचे चौकोन पाडायचे. चौकोन ज्याचा त्याने मोजायचा, ज्याचा त्याने चोपायचा. मग बाई तांब्याने पाणी ओततात. पाणी साचलं की चौकोन नापास, पुन्हा चोप. रडणाऱ्यालाही सूट नाही. खळं झालं की वर्षभर शाळा त्याच्यावरच. चुन्याने वाडीचा नकाशा काढायचा, खाडी कुठून वळते ते दाखवायचं, मधल्या काठीची सावली दुपारपर्यंत कुठे सरकते त्या खुणा करायच्या.

पालक चिडले. सुदेश नावाचा एक बाप शाळेत येऊन म्हणाला, "आमी पोरांक शिकाक धाडतो, चोपूक न्हय."

"मगे तुमी येवा चोपूक," बाई म्हणाल्या. "पोरांका मी बसवून ठेवतंय."

तो आला नाही. कोणीच आलं नाही.

मॅचेस भरवायचा तो सत्यवान, नर्मदेचाच मुलगा. तारकर्लीत पर्यटकांसाठी त्याच्या खोल्या आहेत. लोक त्याला मेहनती म्हणतात. तो फिरतो पुष्कळ. फिरणं वेगळं आणि राबणं वेगळं. त्याची मुलगी दीपिका चौथीत होती. बाईंनी या वर्षी सभेत सांगितलं की मॅचेससाठी खळ्यात एकही खड्डा पडणार नाही. त्यावर सत्यवानने उपाय काढला. बापाच्या नावाने सगळ्या खळ्याला लाद्या घालून देतो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई नको म्हणाल्या.

"फुकट देतंय ता पण नको? दरवर्षी हो शेणकालो कित्याक?"

"लादयेत खुटी मारूक येवची नाय," बाई म्हणाल्या. "आनी दुपारची पोरां तेच्यार बसतली कशी?"

सत्यवान हसला. "तुमच्यात तरी खळां सारवतत काय, बाई?"

"नाताळाक घरा येवा. चपला भायर काढून."

लोक हसले. सत्यवानला ते लागलं. मग तो प्रमाण मराठीत बोलला, जसं सरकारी माणसाशी बोलतात तसं. मॅचेस इथेच होतील, आणि अडवल्या तर दीपिकाला मालवणच्या इंग्रजी शाळेत घालीन, म्हणाला. सुदेश आणि आणखी तीन-चार घरंही त्याच्यामागून पोरं काढतील. मग पट किती राहतो ते बाईंनी मोजावं. पट घसरला की शाळा बंद होणार, हे बाईंना सांगायची गरज नव्हती. त्या वह्या उचलून निघून गेल्या.

मॅचेस शनिवारी होत्या. शुक्रवार हा शाळेचा सारवणाचा वार. सकाळी बाईंनी पोरांकडून खळ्यावर पाणी शिंपडून घेतलं, नेहमीपेक्षा जास्त. दुपारी नर्मदेने शेण आणलं आणि दोघी पदर खोचून ओणव्या झाल्या. ऊन उतरताना त्या पायऱ्यांपाशी पोचल्या तेव्हा अख्खं खळं ओलं, हिरवट आणि बिनडागाचं होतं.

तेवढ्यात टेम्पो आला. दिव्यांचे खांब, पहारी, जनरेटर आणि सात-आठ तरुण. ते उतरले, खळ्याच्या कडेला आले आणि थांबले. दोघा-तिघांनी चपलाही काढल्या. नुकतं सारवलेलं खळं आमच्याकडे कोणी तुडवत नाही. कुत्रं गेलं तरी त्याला हाकलतात. ही पोरं तंबाखू खाऊन कुठेही थुंकतात, पण तिथे त्यांचा पाय उचलेना.

सत्यवान गाडीतून उतरला. "पाय टाका रे. शेण आसा ता, विस्तव न्हय."

कोणी हललं नाही. तेव्हा त्याने स्वतः पाय टाकला, बुटासकट. जोरात चार-पाच पावलं गेला आणि मधल्या काठीपाशी थांबून मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. समोर पायऱ्यांवर त्याची आई बसली होती, कोपरापर्यंत शेणाने भरलेली.

"माज्या हातचां सारवण तुडवलंस रे," ती म्हणाली.

बाई बादलीत हात धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सत्यवान आला तसाच परत गेला. सर्वेश नावाच्या पोराने पहार उचलून टेम्पोत टाकली, मग बाकीच्यांनी खांब चढवले. मॅचेस सुदेशच्या कापलेल्या मळ्यात झाल्या. धसकटांनी खेळाडूंच्या पोटऱ्या सोलल्या, असं ऐकलं.

बाई ठसे बुजवणार होत्या. नर्मदा नको म्हणाली. "ज्येचो पाय, त्येणां सारवचां."

तो आला नाही. ठसे वाळले.

सोमवारी बाईंनी चौथीला टेप देऊन खळ्यावर आणलं. बूट किती लांब, पावलांतलं अंतर किती, सगळं मोजायला लावलं. जाताना पावलं लांब पडली होती, येताना आखूड. का, असं त्यांनी विचारलं. पूजा नावाची मुलगी म्हणाली, "आई बघत होती." बाईंनी तिला अर्धा गुण दिला, मापं सांगितली नाहीत म्हणून.

टेपचं एक टोक दीपिकाच्या हातात होतं. हे बाईंनी करायला नको होतं. मी रस्ता ओलांडून त्यांना तसं सांगितलं.

"तिचो आकडो बरोबर इलो," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात सत्यवानने दीपिकाला शाळेतून काढलं. बाकीची घरं काय करतात याची बाई वाट बघत होत्या. सकाळी हजेरी घेताना त्या रस्त्याकडे बघत. सुदेशची पोरं आली. बाकीचीही आली. प्रेमापोटी नव्हे. इंग्रजी शाळेची गाडी खाडीच्या पुलापर्यंतच येते. पोरांना तिथवर पोचवायचं तर बापाला पहाटे उठावं लागतं. पट एकाने घसरला, शाळा राहिली. वाडी बाईंशी अजून बोलत नाही. सत्यवान आईशी बोलत नाही. नर्मदा शुक्रवारी शेण घेऊन येते आणि ठसे सोडून बाकीचं सारवते.

परवा पोरांनी हात धुतलेलं पाणी खळ्याच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात साचलेलं दिसलं. तिथे चोप कमी पडला आहे. बाईंना सांगितलं. त्या जाऊन बघून आल्या आणि माझ्या ओटीसमोर हात पुढे करून उभ्या राहिल्या. मी आत जाऊन चोपणं आणून दिलं.