बारा बंदुकांचा अर्ज

माझे सासरे सिंगापूरला आले तेव्हा बॅगेत कोकमं आणि कुळथाचं पीठ होतं, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात लोखंडी कपाटाची किल्ली. कपाट सिंधुदुर्गातल्या घरी आणि कपाटात त्यांची बंदूक. एकनळी, रीतसर परवान्याची, शेतसंरक्षणासाठी दिलेली. किल्ली मागे ठेवून यावी इतका त्यांचा गावात कुणावरच विश्वास नव्हता.

हे कळल्यावर नवऱ्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहू देण्याचा, अर्ज नुकताच आत गेला होता. च्युइंगमसुद्धा विकू न देणाऱ्या देशात बंदुकीच्या गप्पा म्हणजे सगळ्यावर पाणी, असं त्याचं मत.

"बाबा, MRT मध्ये बंदूक हा शब्द काढायचा नाही."

"मगे काय म्हणू?"

"छत्री म्हणा."

सासऱ्यांनी ते लगेच मानलं. दुसऱ्याच दिवशी बुकित बातोक स्टेशनवरून मेट्रो सुटली आणि डब्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला सांगितलं, "पोलिसांनी माझी छत्री जमा करून घेतल्यानी, नि दोन म्हयन्यांनी गंज चढवन परत दिल्यानी!" समोरचा इंजिनिअर दिसणारा मुलगा आदबीने पुढे वाकला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "काका, तिकडे छत्रीवर बंदी आली का?" नवरा पुढच्या स्टेशनला उतरून दुसऱ्या डब्यात गेला.

त्यांची तक्रार मात्र खरी होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, अशी आमच्याकडची रीत. त्या वर्षी निवडणुका दोनदा. उन्हाळ्यातली एक वेळ परवडली, कारण तेव्हा शेतात राखण्यासारखं काही नसतं. दुसरी ऐन भात पोटरीला येताना, कणीस धरायच्या वेळी. त्याच दिवसांत रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत वाफाच्या वाफा लोळवून जातात. बंदूक जमा करण्यातून सूट हवी असेल तर महिनाअखेरपर्यंत जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज पोचायला हवा होता. नाही पोचला तर बंदूक गेली आणि तिच्यामागोमाग भातही गेलं. गावात अशा बारा बंदुका. तालुक्याच्या कोर्टात कारकुनी केलेले म्हणून अर्ज लिहायचं काम सासऱ्यांकडे, आणि त्यांनी ते मोठ्या मनाने माझ्याकडे दिलं.

मी बँकेत कम्प्लायन्सला होते. दिवसभर लोकांना 'हे नियमात बसत नाही' असं सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन बारा बंदुका नियमात बसवायच्या. शिवाय मी जन्माने पुण्याची, खाण्याने शाकाहारी. बंदूक मी फक्त गणपतीच्या देखाव्यात पाहिलेली.

ते जेवणाच्या टेबलाशी बसून सांगायचे आणि मी लिहायची. पहिलंच वाक्य असं: "डुकरांका आचारसंहिता लागू आसा काय?"

"बाबा, असं लिहिलं तर समिती चिडेल."

"चिडांदे. उत्तर तर देऊक होया?"

मुद्दा बिनतोड होता, पण मी तो खोडला. मग त्यांना जंगलात पारधीला जायची जुनी मोकळीकही त्याच अर्जात परत हवी होती. त्यांचे आजोबा म्हणे ढोलताशे घेऊन रान उठवत. मी म्हटलं, एका अर्जात एकच मागा, नाहीतर दोन्ही जातील. ते रुसून गॅलरीत जाऊन बसले. सगळ्यात मोठं भांडण 'विनंती' या शब्दावरून झालं. "बंदूक माझी, शेत माझां, नि विनंती कित्याक? हक्क लिही." मी विनंती लिहायची आणि ऑफिसला गेले की ते खोडून हक्क लिहायचे. असे सहा कच्चे खर्डे झाले. त्यांची नेमबाजी काय दर्जाची, हे मला नवऱ्याकडून कळलं होतं. बारा वर्षांत दोन डुकरं आणि शेजाऱ्याची पाण्याची टाकी.

अशात एका शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी मला अशी हाक मारली की माझ्या हातातून पोळी तव्याबाहेर पडली. खाली दोन ब्लॉकच्या मधल्या झाडांपाशी पिवळी जाकिटं घातलेली माणसं वाट अडवायची पट्टी बांधत होती, आणि साठीचा एक चिनी गृहस्थ, डोक्यावर टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात चांगली लांब बंदूक घेऊन शांतपणे वर बघत उभा होता. आमच्या भागात कावळे फार झाले की सरकारच्या परवानगीने हौशी नेमबाज येऊन ते मारत. मला हे माहीत होतं, पण सासऱ्यांना सांगायचं सुचलं नव्हतं. खरं म्हणजे मी मुद्दामच सांगितलं नव्हतं.

"बघलंस? हय सरकार सोताच बोलवता मारूक! नि आमची बंदूक म्हणजे गुन्हो!" त्यांचा चेहरा उजळला होता. सिंगापूरचं उदाहरण फोटोसकट अर्जाला जोडायचं ठरलं. नवरा घरात नव्हता, ही देवाची कृपा. मी कॅमेरा घेतला आणि आम्ही लिफ्टने खाली आलो.

पट्टीच्या अलीकडे दहाबारा बघे होते. सासरे सगळ्यांत पुढे. नेमबाजाने एक कावळा पाडला आणि सासऱ्यांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. त्या गृहस्थाने हसून मान लववली. एका बिरादरीची माणसं भेटल्यासारखं दोघांचं झालं. मीही कौतुकाने फोटो काढत होते. मग सासरे अचानक समोरच्या ब्लॉककडे बोट दाखवून ओरडले, "सर! देअर! वन क्रो! बिग! शूट!"

नेमबाजाने तिकडे पाहिलं, बंदूक लगेच खाली केली आणि हात हलवत म्हणाला, "अय्यो अंकल, कॅनॉट लाह! दॅट वन सॉक्स!"

चौथ्या मजल्यावर खिडकीबाहेर काढलेल्या, कपडे वाळत घालायच्या बांबूच्या काठीच्या टोकाला काळा मोजा लोंबत होता. त्याच्यामागे खिडकीत एक म्हातारी उरलेले कपडे काठीत ओवत उभी होती. सगळे हसले. मीही हसले, चांगली पोट धरून. सासरेही हसले, पण माझ्या लक्षात आलं की ते अजून त्या खिडकीकडेच बघत होते, डोळे बारीक करून, आणि त्यांना काही सापडत नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी अर्जाचा खर्डा उघडलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर म्हणाले, "यादी काढ." यादी म्हणजे बारा बंदूकधारकांची नावं. पहिलं त्यांचं.

"पयलां नाव खोड."

मला वाटलं रुसलेत. मी म्हटलं, "बाबा, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन होतं. परवान्याची मुदत अजून आहे. आणि अहो, मोजाच होता!" दोन आठवडे त्यांच्या बंदुकीला हसणारी मी, आता तिच्यासाठी हातघाईवर आले होते. मला स्वतःचाच राग येत होता. मी इतकं हसायला नको होतं.

"माका मोजो कावळो दिसलो," ते म्हणाले. "त्येचां काय नाय. पण तेच्यापाठी बाईलमाणूस होतां गो. तां माका दिसलांच नाय."

मी नाव खोडलं. उरलेल्या अकरा बंदुकांचा अर्ज सोमवारी ऑफिसच्या फॅक्सवरून गेला.

समितीने त्या अकराही बंदुका राहू दिल्या. ही बातमी सासऱ्यांनीच गावी परतल्यावर फोनवर दिली. आवाज असा की जणू निवडणूक तेच जिंकले होते. मग ओघात म्हणाले, आपली बंदूक ते स्वतः नेऊन ठाण्यात देऊन आले.

"पावती नीट ठेवलीत ना?" मी विचारलं. कोर्टात उभा जन्म काढलेला माणूस, दूधवाल्याकडूनही सही घ्यायचा.

"नाय घेतलंय," ते म्हणाले. "परत आणूची असती, तर घेतलंय असतंय."