कोरडा राहणारा शोषखड्डा

मी ग्रामपंचायतीला फसवलं, आणि पंचायतीनं नारळ देऊन माझा सत्कार केला.

लातूर जिल्हा नवाच झाला होता, आणि त्यात दुष्काळ. मी तेव्हा तिथल्या एका गावात नवखा मास्तर होतो. नळाला कधीमधी पाणी यायचं. पंचायतीनं दवंडी दिली: घरोघर शोषखड्डा खणा, सांडपाणी जमिनीत मुरवा, म्हणजे आडाचा पाझर टिकेल. ज्याचं पाणी रस्त्यावर दिसेल, त्याचा नळ बंद.

वर्गात मी या विषयावर तासभर बोललो. घरी येऊन पहार घेतली, तर गुडघाभर खाली काळा दगड. हाताला फोड आले. मग मी खड्ड्यात खडी पसरली, कडेनं विटा लावल्या, त्यांना गेरू फासला आणि मोरीची नळी खडीखालून गुपचूप भिंतीपलीकडे काढली.

सरपंच तपासणीला आले. बायकोनं त्यांच्यादेखत मोरीत बादली ओतली. खड्डा कोरडाच.

"गुरुजी, ह्यो खड्डा हाय का अगस्ती? समदं पिऊन ढेकर बी न्हाई."

पहिला नंबर मिळाला, वर मला तपासणी समितीत घेतलं.

पहिल्याच फेरीत आम्ही भिंतीपलीकडच्या अव्वांच्या दाराशी थांबलो. म्हातारी एकटीच राहायची. उंबऱ्यासमोर डबकं साचलं होतं. त्यात तरंगणारी शेवग्याची सालं माझ्या घरची होती.

"माझा खड्डा हाय की. हे पाणी कुठून यायलंय, महादेवालाच ठाव," अव्वा म्हणाल्या.

सरपंच माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुम्ही जाणकार. काय करावं?"

मी चष्मा पुसत म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखाच."

अव्वांचा नळ बंद झाला.

मग मी माझ्या नळाची घागर रोज त्यांच्याकडे पोचवू लागलो. त्या दर घागरीला माझ्या कपाळावर विभूती लावायच्या. "देवमाणूस हाय गं तुझा नवरा," असं बायकोला सांगायच्या. बायको पदर तोंडाशी धरून हसायची. डबकं वाढू नये म्हणून मी अंघोळ टाळू लागलो. वर्गात पुढच्या रांगेतली पोरं हळूहळू मागं सरकली.

मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. सरपंच म्हणाले, "शेजारच्या गावची मंडळी गुरुजींचा खड्डा बघायला येणार हाईत." तेवढ्यात अव्वा काठी टेकत उठल्या.

"नळ तुम्ही तोडला, पाणी ह्यांनी पाजलं. आधी ह्यांना हार घाला."

त्या विभूतीची डबी घेऊन माझ्यासमोर आल्या. बोट कपाळाला लागायच्या आत मी त्यांचा हात धरला.

"अव्वा, थांबा. तुमच्या दारातलं डबकं माझ्या मोरीचं आहे. माझा खड्डा खोटा आहे. तुमचं पाणी मी तोडलं आणि तेच घागरीत भरून तुमच्यावर उपकार केले. सरपंच, अव्वांचा नळ आत्ता सुरू करा, माझा बंद करा. अव्वा, मी चुकलो. मला माफ करा."