गलगलींचा अर्धा तास

कस्तुराबाईंच्या खानावळीत मी पहिल्यांदा जेवलो ते १९५८ साली. पुण्याहून बेंगळूरला ड्राफ्ट्समनच्या नोकरीवर आलो होतो, आणि शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे मराठी बोलणारी एक बाई जेवण घालते एवढंच कोणीतरी सांगितलं होतं. बाई निपाणीकडची. नवरा मल्लाप्पा लष्करी वर्कशॉपात फिटर होता, तो वारल्यावर तिनं घराच्या पुढच्या खोलीत चार बाकं टाकली. तिला सगळे अक्का म्हणत. वयानं तिच्यापेक्षा मोठे असलेलेसुद्धा.

पहिल्याच शनिवारी मला भाजी वाढता वाढता तिनं हात वर केला आणि म्हणाली, "आता अर्धा तास कुणी काही मागायचं नाही."

मग तिनं फळीवरचा रेडिओ लावला.

दर शनिवारी फुटबॉलच्या सामन्याचा शेवटचा अर्धा तास रेडिओवर कन्नडमधून कॉमेंट्री असे. ती करत उपेंद्र गलगली. एरवी ते शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचा आणि अक्काचा क्लब एकच, दंडू युनियन. दंडू म्हणजे छावणी. छावणीतल्या कामगारांनी, शिंप्यांनी, हमालांनी उभा केलेला हा क्लब. चषक त्यानं फारसे जिंकले नव्हते. रेडिओवर कुणाची बाजू घ्यायची नसते हे गलगलींना माहीत होतं, पण समोरच्या संघातल्या खेळाडूला ते आडनावानं हाक मारत आणि दंडूच्या खेळाडूला त्याच्या घरच्या नावानं. सेल्वराज त्यांच्या तोंडी 'सेल्वा' होता. कुणीतरी तक्रारीचं पत्र पाठवलं. पुढच्या शनिवारी गलगलींनी दोन्ही संघांतल्या बावीसच्या बावीस जणांना घरच्या नावांनी पुकारलं. समोरच्यांची नावं शोधायला ते आठवडाभर सायकलवरून गावभर फिरले होते.

सामन्याला जाण्याआधी ते अक्काकडे ताक-भात खायचे आणि मिऱ्यांचा काढा प्यायचे. "घसा तुमचा नाही, आमचा आहे," असं अक्का त्यांना दटावून सांगे. अकरा वर्षं हे चाललं. अक्का मात्र मैदानावर कधी गेली नव्हती. तिकडे बायका जात नसत, आणि संध्याकाळचा स्वयंपाकही असे. पण कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, विलायती शिरिषाच्या झाडाच्या बाजूनं वारा कसा येतो, हे सगळं तिला गलगलींच्या तोंडून पाठ होतं.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी, वर्गात नकाशा टांगताना गलगली खाली बसले ते उठलेच नाहीत. सेहेचाळीस वर्षांचे होते.

बातमी गुंडोनं आणली. गुंडो म्हणजे दंडूच्या मातीच्या गॅलरीत हलगी वाजवणारा, धंद्यानं वेल्डर. अक्का पीठ मळत होती. तिनं पीठ मळून पूर्ण केलं, वर ओलं फडकं टाकलं, हात धुतले आणि मग भिंतीला टेकून बसली. त्या दिवशीही तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं.

गुरुवारी गुंडो आणि आम्ही तिघं लीगच्या चिटणीसांना भेटायला गेलो. मागणं एवढंच, की शनिवारी सामना सुरू होण्याआधी दोन मिनिटं उभं राहू द्या.

चिटणीसांनी चष्मा पुसला. "ते खेळाडू होते?"

"नाही."

"कमिटीवर होते?"

"नाही साहेब. पण..."

"मग कसं जमणार? उद्या तिकीट फाडणारा गेला तर त्याच्यासाठीही उभं राहायचं का?"

"का नाही?" गुंडो म्हणाला.

आम्हाला बाहेर घालवण्यात आलं.

खानावळीत परतल्यावर गुंडो तावातावानं बोलत होता. मैदानात घुसू, गोलाचे खांब उपटू, असं बरंच काही. अक्का पोळी लाटत ऐकत होती. मग म्हणाली, "घुसलात तर पोलीस मारतील, आणि पेपरात छापून येईल की दंडूवाले गुंड आहेत. गप्प बसायला कुणाची परवानगी लागते काय?"

"म्हणजे?"

"तो शेवटचा अर्धा तास बोलत होता. तो अर्धा तास त्याचा. पहिल्या अर्ध्या डावात काय बोंबलायचं ते बोंबला. शेवटच्या अर्ध्या तासात आपल्या बाजूनं हूं की चूं निघायचं नाही. गोल झाला तरी."

"गोल झाला तरी?" मी विचारलं.

"तरी. आणि मी येतेय."

तिनं शनिवारी खानावळ बंद ठेवली. निळं इरकली लुगडं नेसून, हातात छत्री घेऊन ती गुंडोच्या पुढे चालत मैदानात शिरली. फाटकावरचा माणूस म्हणाला, "अक्का, इथं बायका..." तिनं तिकीट त्याच्या हातात ठेवलं आणि आत गेली. मातीच्या गॅलरीवर पोचल्यावर क्षणभर थांबली आणि म्हणाली, "एवढंसंच आहे होय!" मग शिरीष कुठला ते विचारून त्याच्या बाजूला बसली.

पहिला अर्धा डाव तिनं आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता. तो तिनं तोंडाला पदर लावून, डोळे न मिटता पाहिला. आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडलो. गोल कुणाचाच झाला नाही. तेव्हा अर्धा डाव पस्तीस मिनिटांचा असे. मध्यंतरानंतर खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि गुंडोनं हलगी मांडीवर पालथी घातली.

आवाज टप्प्याटप्प्यानं बंद झाला. आधी आमची रांग, मग मागची, मग शिरिषाखालची पोरं. दोन हजार माणसं तरी असतील. बुटाला चेंडू लागल्याचा आवाज ऐकू यायला लागला. खेळाडूंचा दम ऐकू यायला लागला. सेल्वराज तेव्हा दंडूचा कप्तान होता. तो दोन-तीनदा मान वळवून आमच्याकडे बघत राहिला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, ही आमची चूक.

आणि नेमका त्यानंच गोल केला. वीस यार्डांवरून, डाव्या पायानं, जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात. मी शर्टाची बाही दातांत धरली. शेजारचा म्हातारा कपाळावर हात मारत होता, पण तोंडातून शब्द नाही. सेल्वराज दोन्ही हात पसरून आमच्याकडे धावत आला आणि मध्येच थांबला. दोन हजार माणसं त्याच्याकडे नुसती बघत होती. अक्काच्या गालावरून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही.

चिटणीस एका हवालदाराला घेऊन आमच्याकडे आले. "हा काय तमाशा आहे? कोण करतंय हे?"

कुणी उत्तर दिलं नाही. त्यांनी गुंडोचा दंड धरला. तेव्हा अक्का उठली. एवढ्या शांततेत तिचा हळू आवाजही दहा रांगा ऐकू गेला.

"साहेब, आम्ही तिकीट काढून खेळ बघतोय. ओरडलंच पाहिजे असा नियम असला तर दाखवा. नसला तर सरका, पुढचं दिसत नाही."

हवालदारानं चिटणीसांकडे पाहिलं. मग टोपी काढून काखेत धरली आणि आमच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. चिटणीस एकटेच परत गेले.

त्या संध्याकाळी रेडिओवर नवा मुलगा बोलत होता. घरी ऐकणाऱ्यांनी नंतर सांगितलं, की तो मध्येच म्हणाला, "शिरिषाची बाजू आज गप्प आहे. का, ते ऐकणाऱ्यांना मी सांगायला नको." आणि थोडा वेळ तोही थांबला.

पण त्या गप्प अर्ध्या तासात दंडूवर दोन गोल चढले. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेल्वराज खानावळीत आला. उंच, काळासावळा, रेल्वेत नोकरीला. तो बसला नाही.

"अक्का, तुम्ही आम्हाला हरवलंत," तो कन्नडमध्ये म्हणाला. "पोरांना वाटलं लोक आमच्यावर रागावलेत. पायच उचलेनात."

"सांगायला हवं होतं, ते चुकलं," अक्का म्हणाली. "बाकी काही चुकलं नाही."

"सामना गेला!"

"गेला." तिनं पाट मांडला. "सेल्वा, अकरा वर्षांत तुम्ही किती सामने घालवलेत? आठवतंय? मला आठवतंय, कारण प्रत्येक हार त्या माणसानं आम्हाला सांगितली. 'आज पोरांनी फार धाव घेतली' असं म्हणून सांगितली. एकदाही तुमची लाज काढली नाही. तुमच्या सगळ्या हारी त्यानं घशावर घेतल्या. त्याच्यासाठी तुम्ही एक घेतलीत तर काय झालं?"

सेल्वराजनं पाटाकडे पाहिलं. मग चपला काढून पाटावर बसला. त्यानं तीनदा भात मागून घेतला आणि जाताना अक्काकडून काळ्या खणाचा एक तुकडा मागून नेला.

पुढच्या शनिवारी दंडूचे अकराही जण दंडावर काळी पट्टी बांधून मैदानात उतरले. चिटणीस धावत आले. "काढा ते!"

"हाताला लागलंय साहेब," सेल्वराज म्हणाला.

"आणि याच्या?"

"त्याच्याही हाताला लागलंय."

चिटणीसांनी अकराही जणांना विचारलं. अकराही जणांच्या हाताला लागलं होतं. गोलरक्षकानं तर कण्हूनही दाखवलं. या सगळ्यात खेळ आठ मिनिटं उशिरा सुरू झाला, आणि त्या आठ मिनिटांत गुंडोची हलगी थांबली नाही. सेल्वराजला नंतर दोन सामने बाहेर बसवलं. त्यानं ते दोन्ही आमच्या गॅलरीत, अक्काच्या शेजारी बसून पाहिले.

पट्ट्यांचा तो सामना बरोबरीत सुटला, एकही गोल न होता. घरी येताना मी अक्काला विचारलं, कसा वाटला?

"भिकार खेळले," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी जरा लवकर निघू. पुढची जागा मिळाली पाहिजे."