माझ्या खोकल्याचा कागद

अगं, ये अशी जवळ. तिकडे उंबऱ्याला टेकून काय बसलीस? काकूच्या खोकल्याला भ्यायलीस की काय? शिकलेली-सवरलेली तू, शोभतं का!

मला तसं आठ वर्षं बसवलं होतं, चपलांपाशी. कसब्यातलं आमचं भजनी मंडळ दर गुरुवारी थोरल्या जाऊबाईंच्या घरी भरायचं. माझा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी दमा ठरवून पंप दिला, पण खोकला काही जाईना. मग जाऊबाईंनीच निदान केलं, क्षय! माझा पेला वेगळा काढला, टाळसुद्धा वेगळे. वर म्हणायच्या, "तू नुसतं ऐक गं. गाऊ नकोस, हवा बाहेर येते."

मी गिळलं. पण विसरले नाही हो, एक गुरुवारही नाही.

गेल्या वर्षी छातीच्या स्कॅनमध्ये बारीक गाठी दिसल्या. फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला. तपासणारी डॉक्टरीण भली, मी हट्ट धरला म्हणून तिनं त्या तुकड्याची काच मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. म्हणाली, "आजी, श्वासनळीच्या अस्तरात रसायनं सोडणाऱ्या काही पेशी असतात, इथे एक, तिथे एक. तुमच्याकडे त्यांची गर्दी झालीय." तपकिरी रंगवलेल्या, ओळीच्या ओळी, लहान नळ्या आवळून बसलेल्या! दमा नव्हे, क्षय नव्हे. जन्मात विडी न ओढलेल्या बायकांना जास्त होतं म्हणे हे. लक्ष ठेवावं लागतं, ते असो. मी एकच विचारलं, "दुसऱ्याला लागण होते?"

"अजिबात नाही."

"लिहून द्या."

पुढच्या गुरुवारी आरतीआधी उभी राहिले आणि कागद मोठ्यानं वाचला. मग जाऊबाईंचाच पेला उचलला, अर्धं पाणी प्यायले, उरलेलं त्यांच्या हातात दिलं. "घ्या जाऊबाई. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

बारा बायका बघत होत्या. जाऊबाईंनी पेला तोंडापर्यंत नेला, खाली ठेवला. म्हणाल्या, "मला मेलीला आज उपास आहे."

"पाण्याचा?"

बायका फस्सकन हसल्या. मी टाळ घेतले नि निघाले. मागोमाग सात जणी उठल्या. आता गुरुवारचं भजन माझ्याकडे, त्याच वेळेला, मुद्दाम. मधेच ढास लागते, मी खोकून घेते, कुणी सरकत नाही. जाऊबाईंची दया येते का, विचारशील. नाही येत. आठ वर्षं म्हणजे आठ वर्षं.

तू ये गं लवकर, या गुरुवारीच ये. आणि त्यांच्या दारावरूनच ये. जरा थांबून सांग त्यांना, काकूंकडे भजनाला चाललेय म्हणून.