सुधारलेल्या पोराचा खेळ

गणपतीच्या आरतीचं ताट घेऊन मी बायकांच्या रांगेकडे वळलो आणि एकेक पदर गळ्यावर चढत गेला. मंगळसूत्रं झाकली गेली. मी चौदा वर्षांचा. सराफ्यात चेन हिसकावली म्हणून सुधारगृहात राहून नुकताच आलेला. मंडळाच्या अध्यक्षांनी माइक ओढला. "भगिनींनो, घाबरू नका. पोरगा सुधारला आहे!"

अख्खं मराठी मंडळ हसलं. आमच्या दीक्षितपुरा मोहल्ल्यातले प्रोफेसर, वकील, अफसर. त्यांच्या घरी पोळ्या लाटणारी माझी आईही हसली. तिला हसावंच लागलं.

मग मीही हसलो. पुढच्या गणपतीत तर मी सुधारगृहाच्या वॉर्डनची नक्कलच केली. ढेरी, ढेकर, तळपायावर पडणारी काठी. "बोल, फिर करेगा चोरी?" काय टाळ्या पडल्या! तेव्हापासून दरवर्षी फर्माईश. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू?

भुऱ्याला मात्र मी कधी स्टेजवर आणलं नाही. सुधारगृहात तो माझ्या शेजारी झोपायचा. काठी पडली की किंचाळायचा. मग किंचाळणं थांबलं, मग बोलणं, मग जेवणं. एका सकाळी त्याला चादरीत गुंडाळून नेलं. मी वॉर्डनच्या आवाजात ओरडलो की तो हॉलच्या मागच्या रांगेत येऊन बसतो. सगळे हसतात. तो माझ्या पायांकडे बघतो.

यंदा मंडळात स्वयंपाक करणाऱ्या बाईचं पोरगं आमच्याच शहरातल्या गोरखपूर बाजारात मोबाईल चोरताना पकडलं गेलं. ती आरतीनंतर हात जोडून उभी राहिली. "बाल न्याय बोर्डापुढे कोणी भला माणूस जामीन राहिला तर घरी सोडतील म्हणतात. चला ना कोणी, भैया."

जुन्या अध्यक्षांचा मुलगा आता अध्यक्ष आहे. "राहू द्या आत. डंडे के बिना कोई सुधरा है?" मग माझ्याकडे वळला. "काका, हिला जरा तुमचा वॉर्डन दाखवा."

मी स्टेजवर चढलो. लोक आधीच हसायला लागले. वॉर्डनचा आवाज काही निघेना. माझाच निघाला.

"काठीनं मी सुधरलो नाही. आवाज न करता रडायला शिकलो, बस. सुधरलो तो एका सायकलवाल्यामुळे. दुकानाची किल्ली माझ्या हातात देऊन तो जेवायला घरी गेला होता. आणि माझ्या शेजारचा पोरगा त्या काठीनं मेला. तुम्ही इतकी वर्षं त्यावर टाळ्या वाजवून राहिले."

"काका, गणपतीत असं काहून बोलून राहिले?" अध्यक्ष म्हणाला.

"मग कधी बोलू? विसर्जन झाल्यावर?"

कोणी हसलं नाही. माझ्या आयुष्यातला पहिला पडलेला खेळ.

उद्या बोर्डापुढे मी उभा राहणार. माझी चोरी आधी मीच सांगणार, मग भुऱ्याचं मरण. नाही म्हणाले तर पुन्हा जाणार, पुन्हा सांगणार. पोरगा सुटला की माझ्या सायकलच्या दुकानात बसेल. आणि मी जिवंत आहे तोवर त्याला कोणी स्टेजवर चढवणार नाही.